एम्प्रेस जेवली!

घरात कुणी नाही, दुपारची वेळ आहे, पंखा संथ फिरतो आहे आणि हातातल्या पुस्तकातली एखादी ओळ अशी येते की पोटातून हसू उसळतं. पुस्तक छातीवर उपडं टाकावं लागतं, चष्मा काढून डोळे पुसावे लागतात. नाटकाला गेलं की शेजारचा हसला म्हणून आपणही हसतो, मित्रांच्या मैफलीत साथ म्हणून हसतो. या एकट्या हसण्याला मात्र कुणाची साथ नसते आणि कुणी साक्षीदारही नसतो. कुणाला बरं वाटावं म्हणून आपण हसलेलो नसतो. दूर देशातल्या, केव्हाच निवर्तलेल्या एका माणसानं कागदावर शब्द एका विशिष्ट क्रमानं मांडून ठेवले, आणि आज पुण्यातल्या एका तिसऱ्या मजल्यावर माझ्या बरगड्या हलल्या. साहित्यात मी जे काही चमत्कार पाहिले त्यांत हा मला सर्वांत मोठा वाटतो. कारण या हसण्यानं मला एकदा परत आणलं आहे.

बाबांचं आजारपण लांबलं होतं. ते गेले तेव्हा आम्ही सगळेच थकून गेलो होतो, आणि सुरुवातीला जे आलं ते दुःखही नव्हतं. दुःखाला निदान चव असते, खारट का होईना. मला आलं ते बेचवपण. वर्तमानपत्र यायचं आणि घडी न मोडता रद्दीत जायचं. मंडईत गेलो तर वांगी घ्यावीत की दोडका, एवढंही ठरवता यायचं नाही; गाड्यावरचा माणूस वाट बघायचा आणि मी पुढे सरकायचो. आंब्याचे दिवस आले. पेटीतल्या गवतात हात घालून पिकलेला आंबा चाचपून काढायचा, देठापाशी वास घ्यायचा, हे आमच्या घरातलं लहानपणापासूनचं सुख. त्या वर्षी पेटी आली, उघडली आणि खोलीच्या कोपऱ्यात तशीच राहिली. आईचंही तेच. ताटावर बसायची, भाताचे दोन घास चिवडायची आणि उठायची.

भेटायला येणारे जिव्हाळ्यानं पुस्तकं आणून द्यायचे. गीतेवरची निरूपणं, मृत्यूविषयीचं चिंतन, ध्यानधारणेचे मार्ग. चांगलीच पुस्तकं होती ती आणि पुढे मी ती मन लावून वाचलीही. पण त्या दिवसांत ती माझ्या कामाची नव्हती. त्यांत जीवन होतं, मृत्यू होता, आत्मा होता, काळ होता. मोठ्या गोष्टींशी माझी नुकतीच गाठ पडून गेली होती. माझं हरवलेलं जे मला हवं होतं ते फार लहान होतं: दोडका की वांगी, एवढंच ठरवण्याची इच्छा.

बाबांच्या कपाटात पी. जी. वुडहाउसची एक रांग होती. फूटपाथवर घेतलेली, पाठ उसवलेली, पानं पिवळी पडलेली पुस्तकं. कपडे आवरून झाले, औषधांचे खोके गेले, पुस्तकांना मात्र हात लावायचा धीर होत नव्हता. शेवटी एक काढलं ते ब्लँडिंग्ज कॅसलच्या गोष्टींचं. आत बसचं एक जुनं तिकीट खुणेसाठी ठेवलेलं होतं. खुणेच्या पानावरची गोष्ट मी उभ्यानंच वाचायला सुरुवात केली. १९२७ साली लिहिलेली ही गोष्ट एका डुकरिणीची आहे.

एम्प्रेस ऑफ ब्लँडिंग्ज असं तिचं भारदस्त नाव. काळी, बर्कशायर जातीची, अवाढव्य. तिचा मालक लॉर्ड एम्सवर्थ, नववा अर्ल. श्रॉपशर परगण्यातल्या वाड्यात राहणारा, विसराळू, शांत, गबाळ्या कपड्यांतला म्हातारा. त्याच्या आयुष्यात सध्या एकच आकांक्षा आहे: कृषी प्रदर्शनात लठ्ठ डुकरांच्या गटात एम्प्रेसला रौप्यपदक मिळावं. आणि नेमक्या त्या दिवसांत तिला सांभाळणारा गडी वेलबिलव्हड आपल्या वाढदिवशी दारू पिऊन दंगा करतो आणि चौदा दिवस तुरुंगात जातो. तो जातो आणि एम्प्रेस अन्न सोडते. जनावरांचा डॉक्टर येतो, तपासतो, त्याला काही कळत नाही. प्रदर्शन तोंडावर आलेलं, आणि काठोकाठ भरलेल्या डोणीसमोर ती तोंड फिरवून पडलेली.

घरात त्याच वेळी दुसरा गोंधळ चालू आहे. लॉर्डसाहेबांची भाची अँजेला हिनं एका तालेवार तरुणाशी ठरलेलं लग्न मोडलंय. तिला जेम्स बेलफर्ड नावाचा, अमेरिकेत राहून आलेला, बिनपैशाचा मुलगा हवा आहे. त्याला झिडकारून यायला लॉर्डसाहेबांची बहीण त्यांना लंडनला धाडते. लॉर्डसाहेब जातात आणि कळतं की हा मुलगा नेब्रास्कातल्या शेतावर राबून आला आहे. तो सांगतो, अहो, तुमची डुकरीण आजारी नाहीच. गडी रोज जेवायला हाक मारायचा, ती हाक बंद झाली. हाकेशिवाय ती जेवणार कशी? प्रत्येक प्रांताची हाक वेगळी, पण सगळ्या डुकरांना कळणारी एक हाक आहे. आणि लंडनच्या एका प्रतिष्ठित क्लबात बसून तो पोरगा ती हाक मारून दाखवतो.

पुढे काय होतं? लॉर्डसाहेब परतीच्या गाडीत हाक घोकत येतात, डुलकी लागते, उठतात तर हाक डोक्यातून साफ गेलेली. रात्री नोकरांच्या दालनातून ग्रामोफोनवरच्या गाण्यातला एक लांबलेला सूर कानी येतो आणि त्याच्या धाग्यानं सगळी हाक परत सापडते. मग अंधारात डुकरिणीच्या खोपटापाशी एक अर्ल, एक तरुण मुलगी आणि बीच नावाचा अत्यंत भारदस्त बटलर, अशी तिघं उभी राहून गळा काढून हाका मारतात. बटलरला हे मानवणारं नाही. पण मुलीच्या सुखाचा प्रश्न आहे म्हणताना तोही सूर लावतो. एम्प्रेस ढिम्म. शेवटी तो बेलफर्डच येऊन पोचतो, योग्य ती हाक देतो, सगळे श्वास रोखून उभे राहतात, आणि आतून आवाज येतो. खाण्याचा. ओल्या, तृप्त, निःसंकोच मचमचीचा.

त्या ठिकाणी मी हसलो. आधी फुसकन आणि मग सलग, कपाटाला धरून. कितीतरी महिन्यांनी. आणि हसता हसता लक्षात आलं की हा देखावा मी पाहिलेला आहे.

ओंकारेश्वराजवळ, नदीकाठी. दहाव्याचे विधी उरकले होते, पिंड मांडून ठेवले होते, आणि आम्ही सगळे मागे सरकून कावळ्याची वाट बघत होतो. समोरच्या झाडावर कावळे बसलेले, पण एकही खाली येईना. ऊन चढायला लागलं. काका पुढे होऊन म्हणाले, ‘तुझ्या पुस्तकांना कुणी हात लावणार नाही रे.’ कावळा हलला नाही. आत्या म्हणाली, ‘वहिनीची काळजी करू नकोस.’ कुणी गावच्या घराचं सांगितलं, कुणी नातीच्या शिक्षणाचं. मी हात जोडून म्हणालो, ‘आईला सांभाळीन.’ बँकेत वरच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले काका, गणित शिकवणारी आत्या, कोट घातलेले मामा, सगळे जण मान वर करून एका पक्ष्याला विनवत होते की बाबा रे, खा. आणि एकदाचा एक कावळा आला, त्यानं भाताला चोच लावली, आणि आमच्या सगळ्यांच्या तोंडून एकदम सुटकेचा श्वास निघाला.

त्या दिवशी हे सगळं मी दगडासारखा बघितलं होतं. श्रॉपशरच्या त्या खोपटाशी उभा राहिलो तेव्हा ते मला खऱ्या अर्थानं दिसलं. माणसं किती अपार प्रेमानं एखाद्या जिवाच्या तोंडाकडे बघत उभी राहू शकतात! तो जीव खातो की नाही, यावर त्यांचं सगळं चित्त एकवटतं. त्यात थोडं हसू येण्यासारखं आहे, म्हणून ते कमी पवित्र होत नाही. उलट मला वाटलं, काकांचं आणि आत्याचं ते उन्हात उभं राहणं मला त्या हसण्यानंच परत दिलं. मी हसलो आणि मग, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा, रडलोही. दोन्हीला एकच दार होतं.

विनोदी कथा-कादंबरी आपल्याला जगाचा विसर पाडते, चार घटका करमणूक करते, असं आपण सहज म्हणून जातो. माझा अनुभव तसा नाही. मोठं दुःख आलं की ते सगळ्या लहान गोष्टींना खोटं पाडतं. माणूस मरतो तिथं दोडक्याचं काय घेऊन बसलात, असं ते आतून म्हणत राहतं, आणि त्याला उत्तर सापडत नाही. विनोदी लेखक ते उत्तर देतो, तेही वाद न घालता. तो एक म्हातारा आपल्यापुढे उभा करतो, ज्याला डुकरिणीचं पदक हवं आहे, मनापासून, सगळं पणाला लावून. आपण हसतो, कारण पदक लहान आहे. पण हसता हसता आपल्यालाही ते पदक हवंसं वाटू लागतं. पुढचं पान उलटताना आपला जीव टांगणीला लागतो. आणि ज्याला श्रॉपशरच्या डुकरिणीनं जेवावं असं इतक्या उत्कटतेनं वाटू शकतं, त्याची जगण्यावरची वासना गेलेली नाही. ती फक्त हाकेची वाट बघत पडलेली आहे.

ही हाक घालणाऱ्या माणसाविषयी मी नंतर शोधून शोधून वाचलं. वुडहाउसचा जन्म १८८१चा. वडील हाँगकाँगमध्ये न्यायखात्यात. मुलगा दोन वर्षांचा झाला न झाला तोच इंग्लंडमध्ये परक्यांच्या हाती सोपवलेला. आईवडिलांचा सहवास म्हणून जो असतो तो त्याला लाभलाच नाही. तरुणपणी लंडनमध्ये बँकेत दोन वर्षं कारकुनी, मग लेखणी. १९४०मध्ये उत्तर फ्रान्समधल्या घरी असताना तो जर्मन सैन्याच्या हाती सापडला आणि अनेक मुक्काम करत अप्पर सायलेशियातल्या टोस्ट इथल्या छावणीत पोचला. पूर्वी तिथं वेड्यांचं इस्पितळ होतं. साठीला आलेल्या त्या कैद्यानं तिथं ‘मनी इन द बँक’ ही आख्खी विनोदी कादंबरी लिहिली. सुटकेनंतर बर्लिनहून रेडिओवर छावणीच्या हलक्याफुलक्या आठवणी सांगितल्या म्हणून मायदेश त्याच्यावर खवळला; तो पुन्हा तिथं राहायला गेला नाही. जिला तो जिवापाड जपायचा ती सावत्र मुलगी लिओनोरा १९४४मध्ये शस्त्रक्रियेत दगावली. तरी ब्लँडिंग्जच्या बागेतलं ऊन त्यानं कधी मावळू दिलं नाही. १९७५च्या फेब्रुवारीत, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी तो रुग्णालयात गेला तेव्हा त्याच ब्लँडिंग्जची अपुरी कादंबरी त्याच्यासोबत होती.

त्याची लिहिण्याची एक रीत मला फार आवडते. लिहिलेली पानं तो खोलीच्या भिंतीवर टाचायचा. पान जितकं जमलं असेल तितकं वर. जे अजून ओढूनताणून चाललंय ते खाली. मग त्यावर काम करत करत एकेक पान वर चढवायचं. मी डोळ्यांसमोर आणतो ती खोली: भिंतीभर लाटेसारखी वरखाली होणारी पानं, आणि मधे उभा एक उंच, टक्कल पडलेला माणूस, एखादं पान बोटभर वर न्यावं म्हणून त्यातलं एक विशेषण पुन्हा पुन्हा बदलणारा. जे हसणं सहज आपोआप उसळलं असं मला वाटतं, त्याच्यामागे ही मेहनत आहे. कुणाच्या तरी अंधाऱ्या दुपारसाठी केलेली.

मग मी आपल्याकडच्या हसवणाऱ्यांकडेही नव्यानं गेलो. चिं. वि. जोशी बडोद्यात पाली शिकवायचे. बुद्धवचनांचे ते व्यासंगी. सगळं दुःखमय आहे या सत्यापासून जिथं विचार सुरू होतो त्या भाषेत त्यांचे दिवस जायचे. आणि त्याच लेखणीतून पुण्यातला किडकिडीत कारकून चिमणराव आला, त्याचा धिप्पाड गुंड्याभाऊ आला, काऊ आली, मोरू-मैना आली. १९३३च्या ‘चिमणरावांचे चऱ्हाट’मधल्या त्या घरात कुणी थोर नाही, कुणी नीच नाही, अडचणी येतात, त्या सोडवायला गुंड्याभाऊ येतो, आणि अडचणी वाढतात. मला यात विसंगती दिसत नाही. दुःखाचं पहिलं सत्य ज्याला पुरतं कळलंय, त्यालाच चिमणरावाच्या बिऱ्हाडातली लगबग इतकी मोलाची वाटत असेल. गडकऱ्यांचंही तेच. ‘एकच प्याला’सारखी काळीजकाप शोकांतिका लिहिणारा हात ‘बाळकराम’ नावानं ठकीच्या लग्नासाठी वर शोधत हिंडला. चौतीस वर्षांचंही आयुष्य लाभलं नाही त्यांना.

आणि पु. ल. ‘बटाट्याची चाळ’ १९५८ची. मुंबईसह महाराष्ट्रासाठी आख्खं राज्य पेटलेलं होतं, तेव्हा त्या चाळीत गच्चीसाठी लढा उभा राहतो. गच्चीला मालकाचं कुलूप आहे आणि ते निघालंच पाहिजे. पूर्वी मला ते नुसतं विडंबन वाटायचं. आता वाचतो तेव्हा दिसतं की त्या माणसांना गच्ची खरोखरच हवी आहे. पापड वाळत घालायला, पोरांना खेळायला, उन्हाळ्यात पाठ टेकायला. दीड खोलीच्या संसारातून आभाळाचा तुकडा मागणारी ती माणसं आहेत. पु. लं.नी त्यांना हसून घेतलं आणि त्याच श्वासात त्यांच्या मागणीला मोठेपण दिलं. शेवटच्या चिंतनात चाळ स्वतःच उसासा टाकते तेव्हा आपले डोळे भरून येतात, ते आधी मनसोक्त हसलेलो असतो म्हणून.

एका संध्याकाळी मी आईला एम्प्रेसची गोष्ट सांगितली. समोर तिचं ताट होतं, नेहमीसारखं चिवडलेलं. गडी तुरुंगात गेला आणि डुकरिणीनं अन्न सोडलं, इथपर्यंत आलो तेव्हा तिनं विचारलं, ‘तिला खायला काय घालायचे रे?’

मी पुस्तक उघडून सांगितलं. बार्लीचं पीठ, मक्याचं पीठ, जवसाची पेंड, बटाटे, वर ताक. दिवसाला ५७,८०० कॅलरी.

‘ताक?’ आईचे डोळे मोठे झाले. मग थोडा वेळ थांबून म्हणाली, ‘आमच्याकडे म्हसोबाच्या जत्रेला गडी गेला की म्हैस पान्हा चोरायची. कुणाला म्हणून हात लावू द्यायची नाही. मग आजी त्याचं घोंगडं डोक्यावरून पांघरून, त्याच्यासारखं खाकरून, धारेला बसायची.’

‘आणि मग म्हैस दूध द्यायची?’

‘द्यायची की! आणि आजोबा ओट्यावरून म्हणायचे, आज गडी लवकर आला वाटतं.’

आणि आई हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत. मला माझी न पाहिलेली पणजी दिसली, घोंगड्याखाली वाकलेली, पहाटेच्या गोठ्यात, म्हशीची समजूत काढणारी. वुडहाउसला ती भेटली असती तर त्यानं तिला वाड्यावर नेऊन ठेवलं असतं. बोलता बोलता आईनं भातावर आमटी वाढून घेतली. मग म्हणाली, ‘पुढं काय झालं? मिळालं का पदक?’

त्या प्रश्नासाठी मी त्या लेखकाचा जन्मभर ऋणी आहे. पुढं काय झालं, हे ज्याला जाणून घ्यायचं आहे, त्याला उद्याचा दिवस हवा आहे. तत्त्वज्ञानानं मला मरणाचा अर्थ लावायला शिकवलं आणि तेही लागतंच. पण मंडईत उभं राहून वांगी की दोडका याचा खल करावा, भाववाढीवर भाजीवाल्याशी हुज्जत घालावी, देठापाशी आंब्याचा वास घेऊन हा नको, तो दे, असं म्हणावं, ही गोडी मला विनोदी गोष्टींनी परत मिळवून दिली. आता कुणी दुःखात असलं की मीही पुस्तक घेऊन जातो. मृत्यूवरची पुस्तकं इतर लोक नेतातच. मी चिमणराव नेतो, चाळ नेतो, एम्प्रेस नेतो. घरची माणसं कधी कधी चमकून बघतात, या वेळी हे? मी सांगतो, याच वेळी. लगेच वाचायची घाई नाही. उशाशी असू द्या. जेवायची हाक कधी ना कधी ऐकू जातेच.

आईला मी सांगितलं की हो, पदक मिळालं. ती म्हणाली, मिळणारच, ताक पीत होती ना.